विश्लेषण : फिश टँकमधला कोरीडोरस खरेच ‘सफाईवाला’ आहे का?

फिश टँकची खरेदी आटोपत आली, गप्पी, मोली, एंजल पिशव्यांत भरून झाले, की दुकानदार हमखास विचारतो, ‘‘खाली साफसफाईला एक कोरी देऊ का?’’ मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या गावातल्या छोट्या दुकानापर्यंत हा प्रश्न सारखाच. गिऱ्हाईकही आनंदाने हो म्हणते. बोटाच्या दोन पेरांएवढा हा मिशीवाला मासा तळाची घाण खाईल आणि टाकी धुण्याचे कष्ट वाचतील, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे आणि त्याची किंमत मासा मोजतो. काही आठवड्यांत तो मेला की ‘नाजूक जात आहे’ म्हणून विषय संपतो आणि पुढच्या रविवारी दुसरा येतो. प्रत्यक्षात कोरीडोरस अजिबात नाजूक नाही. नीट ठेवला तर दहा वर्षे सहज जगतो. त्याला मारतो तो त्याच्या कपाळी मारलेला ‘क्लीनर’ हा शिक्का.

हा मासा आला कुठून?

कोरीडोरस हा दक्षिण अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला कॅटफिश. आपल्याकडचे शिंगाळा आणि मागूर हे त्याचे लांबचे नातेवाईक. ट्रिनिदाद बेटापासून अर्जेंटिनातल्या ला प्लाता नदीच्या खोऱ्यापर्यंत, म्हणजे अँडीज पर्वताच्या पूर्वेला, ओढ्यांच्या आणि उपनद्यांच्या वाळूवर हे मासे झुंडीने फिरतात. बहुतेक जाती तीन ते सात सेंटिमीटरच्या. अंगावर नेहमीचे खवले नसतात. त्याऐवजी दोन्ही बाजूंना हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा असतात, चिलखतासारख्या. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद याने १८०३ मध्ये ‘कोरीडोरस’ हे नाव दिले, त्याच्या मुळाशी ग्रीक भाषेतले शिरस्त्राण आणि कातडी हे शब्द आहेत.

यातल्या ठिपकेदार ‘पेपर’ कोरीचा नमुना तर खुद्द चार्ल्स डार्विनने ‘बीगल’ जहाजाच्या सफरीत गोळा केला होता. लिओनार्ड जेनिन्स याने १८४२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. दुकानात ज्याला नुसता ‘कोरी’ म्हणतात, त्याच्याकडे असा दोनशे वर्षांचा दस्तऐवज आहे.

जातींची संख्या दीडशेच्या वर आहे. आजही इतके नवे प्रकार बाजारात येतात, की नाव ठरण्याआधी त्यांना ‘सी’ अक्षर आणि पुढे क्रमांक देऊन ओळखण्याची पद्धत जर्मनीतल्या एका मासिकाने सुरू केली. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी या गोतावळ्याची फेरमांडणी केली आणि एका मोठ्या कुळाचे तुकडे झाले. आपल्याकडे सर्वात जास्त विकला जाणारा ब्राँझ कोरी आता ‘ऑस्टिओगॅस्टर’ झाला, तर पेपर, पांडा आणि स्टर्बाय ‘हॉप्लिसोमा’त गेले. हौशी मंडळींना या नामांतराचा वैताग येणे साहजिक आहे. पण त्यातून एक गोष्ट कळते. ज्यांना आपण एकाच नावाने हाक मारतो, ते मासे एकाच स्वभावाचे, एकाच पाण्यातले नाहीत. मूळच्या थंड प्रदेशातला पेपर आणि उष्ण पाण्यातला स्टर्बाय यांना एकाच टाकीत ठेवणे म्हणजे महाबळेश्वरच्या आणि चंद्रपूरच्या माणसाला एकच पंखा पुरेल असे म्हणणे.

तो टाकी साफ करतो की नाही?

नाही. कोरीडोरस काचेवरचे शेवाळ खात नाही, त्याच्या तोंडाची रचनाच तशी नाही. इतर माशांची विष्ठाही तो खात नाही. तळाशी पडलेला खाण्याचा दाणा तो उचलतो, एवढ्यावरून ‘सफाई’ची कथा रचली गेली. दाणा खाल्ला की त्याचीही विष्ठा होणार. म्हणजे टाकीत एक मासा वाढला की घाण वाढते, कमी होत नाही.

टाकीतली घाण खरोखर पचवतात ते जिवाणू. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. तो माशांसाठी विष आहे. फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वाढणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आणि ते बाहेर काढण्याचा साधा उपाय म्हणजे दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलणे. जिवाणूंची ही वसाहत उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे टाकी, वाळू, पाणी आणि मासे हे सगळे एकाच दिवशी घरी येते. त्यानंतर तळाशी, जिथे कुजणारे अन्न सर्वात जास्त असते, तिथे ज्याला पाठवले तो मासा आधी आजारी पडला तर नवल काय? आणि कळस म्हणजे, सफाईला आणलेला म्हणून त्याला वेगळे खायला कुणी घालत नाही. वर टाकलेला तरंगता दाणा वरच्यावर संपतो. खालचा मासा उपाशी राहतो, पण त्याच्या चिलखतामुळे तो खंगलेला चटकन दिसतही नाही.

आपली घाण काढायला कुणीतरी ‘खालचा’ असावा आणि त्याने मिळेल त्यावर भागवावे, ही आपल्या समाजाची जुनी सवय आहे. ती काचेच्या पेटीतही उतरावी, हे पाहून अस्वस्थ व्हायला होते.

कोरीडोरसला त्याचे स्वतःचे जेवण हवे. बुडणाऱ्या गोळ्या किंवा चकत्या कोणत्याही बऱ्या दुकानात मिळतात. दिवा बंद केल्यावर, बाकीचे मासे सुस्तावले की टाकाव्यात. अधूनमधून गोठवलेले ब्लडवर्म. दुकानात वाटीत वळवळणारे ट्यूबिफेक्स किडे मात्र टाळलेले बरे. ते बहुधा गटाराच्या गाळातून गोळा केलेले असतात आणि सोबत रोगही घेऊन येतात.

वाळूवर इतका भर कशासाठी?

कोरीडोरसला दहा मिनिटे नुसते बघत बसले तरी उत्तर मिळते. तो डोळ्यांपर्यंत नाक वाळूत खुपसतो, तोंडात वाळू घेतो, त्यातले खाण्याजोगे ठेवतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. दिवसभर हेच चालते. तोंडाभोवतीच्या मिशा म्हणजे त्याची जीभ आणि बोटे, दोन्ही. अंधाऱ्या, गढूळ पाण्यात अन्न शोधण्याचे साधन तेच.

आता आपल्या टाक्यांच्या तळाशी काय असते ते पाहा. निळी, गुलाबी, हिरवी रंगवलेली खडी. तिच्या कडा टोकदार, आणि दाणा एवढा मोठा की तो तोंडात मावत नाही. मिशांना त्याने इजा होते आणि खडीच्या फटींत अडकून कुजणारे अन्न त्या जखमांत जंतू घालते. मिशा झिजतात त्याला खडी जास्त कारणीभूत की घाण, यावर अनुभवी मंडळींत वाद आहे. मला तो वाद फारसा उपयोगाचा वाटत नाही, कारण खडीत घाण साचतेच आणि बारीक वाळूत ती वरच राहते, नळीने ओढून काढता येते. जुन्या टाक्यांत खडीखाली बसवलेली प्लास्टिकची फिल्टर-जाळी असते, तिच्याखालचा गाळ तर वर्षानुवर्षे कुणी पाहत नाही.

मग वाळू कोणती आणायची? इथे महाराष्ट्रातली एक खास अडचण आहे. नदीच्या वाळूचा तुटवडा आणि उपशावरचे निर्बंध यामुळे बांधकामावर आता बहुतेक ठिकाणी क्रश सँड, म्हणजे काळा दगड फोडून केलेली वाळू असते. शेजारी काम चालू आहे म्हणून तिथली दोन घमेली वाळू उचलून आणली तर ती कोरीडोरससाठी काचेच्या चुऱ्यासारखी ठरू शकते, कारण तिचे कण घासून गोल झालेले नसतात. कोकणातल्या पुळणीवरची वाळू गोल असली तरी तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. तो विरघळत राहतो आणि पाणी जड करतो. वाळूवर थोडे व्हिनेगर टाकले आणि बुडबुडे आले, तर ती नकोच. जलतरण तलावाच्या फिल्टरमध्ये वापरतात ती बारीक, गोल कणांची वाळू सर्वात सोयीची. बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, दीड-दोन इंचांपेक्षा जाड थर नको.

जागेचा हिशेबही वेगळा आहे. या माशांना उंची नको, तळ हवा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा साध्या टाकीत साधारण ५४ लिटर पाणी मावते, आणि त्यात सहा कोरी सुखाने राहतात. दिवाणखान्यात शोभतो म्हणून घेतलेला उंच, निमुळता टँक किंवा काचेचा गोल बाउल त्यांच्या कामाचा नाही. (बाउल खरे तर कोणत्याच माशाच्या कामाचा नाही.)

एकटा का ठेवू नये?

कारण तो झुंडीचा प्राणी आहे. नदीत शेकड्यांनी दिसणारा मासा टाकीत एकटा ठेवला की कोपऱ्यात दबून बसतो, खाणे टाळतो, आणि मालक म्हणतो, ‘शांत आहे बिचारा.’ केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्राँझ कोरीवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की हे मासे एकमेकांना अंगाने हळूच ढुसण्या देतात आणि या स्पर्शाच्या आधारे एकत्र राहतात. म्हणजे सोबत ही त्यांच्यासाठी चैन नाही, त्यांची भाषाच स्पर्शाची आहे. एकाच जातीचे किमान सहा ठेवावेत. तीन ब्राँझ, दोन पांडा आणि एक अल्बिनो असा मेवा करून उपयोग नाही. (अल्बिनो बहुधा ब्राँझच असतो, एवढी एक सूट आहे.)

जात ओळखतानाही जरा सावध राहायला हवे. ‘जुली’ म्हणून विकला जाणारा मासा बहुतेक वेळा ट्रायलिनिएटस असतो. दुकानदाराची फसवणूकच असते असे नाही. निसर्गातच वेगवेगळ्या वंशांचे कोरी एकाच ओढ्यात एकसारखे नक्षीदार होतात आणि मिश्र झुंडीत फिरतात. काटेरी, विषारी मासा अशी सामाईक ओळख शिकाऱ्याला पटावी, हा त्यातला फायदा. २०११ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात यावर संशोधन प्रसिद्ध झाले होते.

हो, विषारी. पाठीच्या आणि छातीच्या परांना ताठ काटे असतात, ते उभे करून मासा अडकवून ठेवू शकतो, आणि त्यांच्या बुडाशी सौम्य विषाच्या ग्रंथी असतात. माणसाला गांधीलमाशी चावल्यासारखे दुखते, त्याहून जास्त काही नाही. पण जाळीने पकडला तर काटे जाळीत गुंततात आणि सोडवताना पर फाटतात. वाटीने किंवा प्लास्टिकच्या डब्याने उचलावा. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न अशा मोठ्या तोंडाच्या माशांसोबत तर ठेवूच नये. ते गिळायला जातात, काटे घशात अडकतात आणि दोघेही मरतात. वास्तूच्या नावाखाली हजारो रुपये देऊन आणलेला फ्लॉवरहॉर्न पन्नास-शंभर रुपयांच्या ‘क्लीनर’मुळे गेला, असे किस्से या धंद्यात नवे नाहीत.

आपल्या उन्हाळ्याचे काय?

खरी परीक्षा इथे आहे. परदेशी पुस्तके हीटर कोणता घ्यावा हे सांगतात. विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये प्रश्न उलटा असतो. बंद घरातल्या टाकीचे पाणी सहज ३० अंशांच्या वर जाते. पेपर आणि पांडा या जाती २० ते २४-२५ अंशांत सुखी असतात, ब्राँझ २६-२७ पर्यंत, स्टर्बाय २८ पर्यंत. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे ७.६. त्याच वेळी उष्णतेमुळे माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते.

कोरीडोरसकडे यावर एक विलक्षण तोड आहे. तो झपकन पृष्ठभागावर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तळाशी जातो. ही हवा आतड्याच्या मागच्या भागात जाते आणि तिथल्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात शोषला जातो. अधूनमधून असे करणे नैसर्गिकच आहे. पण दर मिनिटाला धावपळ सुरू झाली, तर पाण्यात काहीतरी बिघडले आहे असे समजावे. टाकी झाकणापर्यंत काठोकाठ भरण्याची सवय म्हणूनच वाईट, वर दोन-तीन इंच मोकळी जागा हवीच. वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला तर त्याच जागेवर त्याचा जीव तगतो.

नागपूर-जळगावकडच्यांनी पांडाच्या मोहात पडू नये, स्टर्बाय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो महाग आहे, पण दर उन्हाळ्यात नवे मासे घेण्यापेक्षा स्वस्त. टाकी खिडकीपासून दूर ठेवणे, झाकणाऐवजी जाळी लावणे, पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडणे यांनी दोन-तीन अंश उतरतात. मुंबईच्या दमट हवेत पंख्याचा परिणाम कमी जाणवतो. बर्फाचे खडे थेट टाकीत टाकू नयेत, तापमान झटक्यात बदलते.

पाण्याचे बाकी नखरे फार नाहीत. नळाच्या पाण्यातले क्लोरीन मारणारे औषध घालायचे. बोअरचे जड पाणी ब्राँझ आणि पेपर बऱ्यापैकी सोसतात. औषधांबाबत मात्र काळजी हवी. खवले नसल्यामुळे तांबे असलेली औषधे आणि मुठीने टाकलेले खडेमीठ या माशांना बाधते. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर दुकानदार जे सांगतो त्याची निम्मी मात्रा आधी वापरावी.

घरात अंडी घालतो का?

घालतो, आणि तेही अगदी सहज. पॅरिसमध्ये १८७८ मध्येच पेपर कोरीची पैदास झाली होती. पावसाळ्याची नक्कल करायची, एवढीच युक्ती. टाकीतले निम्मे पाणी काढून दोन-तीन अंश थंड पाणी घातले, की दुसऱ्या दिवशी नर मादीच्या मागे लागतात. मग नर आडवा होतो, मादी त्याच्या पोटाशी तोंड लावते, इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी आकृती होते. यात नेमके काय घडते हे बरीच वर्षे कोडे होते. १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी ब्राँझ कोरीवर दाखवून दिले, की मादी शुक्राणू पिते. ते तिच्या आतड्यातून वेगाने पुढे जातात आणि पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांवर सोडले जातात. नंतर ती अंडी ती काचेवर, पानावर चिकटवत फिरते. ज्या आतड्याने हवा घ्यायची त्याच आतड्यातून हेही. टाकी धुण्यासाठी आणलेल्या माशाने घरबसल्या दाखवलेला हा देखावा, पण तो दिसतो फक्त झुंड ठेवणाऱ्याला.

आणि सकर फिश?

‘कोरी नको, तर सकर घ्या,’ हा दुकानातला पुढचा सल्ला. काचेला तोंड लावून शेवाळ खरवडणारा हा दुसरा चिलखती कॅटफिश लहानपणी खरेच शेवाळ खातो. पण दोन इंचांचा घेतलेला सकर दीड फुटांपर्यंत वाढतो, शेवाळाचा कंटाळा करतो आणि टाकीतली सर्वात जास्त विष्ठा त्याचीच असते. मग रविवारी संध्याकाळी कुटुंब त्याला जवळच्या तलावात ‘मोकळे’ सोडून येते, पुण्य केल्याच्या समाधानात.

हे पुण्य महागात पडले आहे. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागा, आंध्र, तमिळनाडू, केरळ इथल्या पाण्यात सकर पसरला आहे. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने पाण्यातले डीएनए तपासून पूर्व घाटातल्या सुमारे ६० टक्के जलसाठ्यांत त्याचे अस्तित्व नोंदवले. उजनीतही मच्छीमारांच्या जाळ्यात तो सापडत असल्याच्या बातम्या आल्या आहेत. त्याला बाजारात भाव नाही, त्याच्या काट्यांनी जाळी फाटते आणि अंड्यांसाठी तो काठ पोखरून बिळे करतो. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निओ जलाशयात याच माशाने तिलापियाची मासेमारी मोडीत काढली.

केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये फिश टँकच्या दुकानांसाठी प्राणी क्रूरता प्रतिबंधक नियम आणले. व्यावसायिकांच्या विरोधानंतर काही महिन्यांतच ते मागे घेतले गेले. ते नियम सगळेच शहाणपणाचे होते असे नाही, पण त्यांच्या जागी काहीच न येणे हे त्याहून वाईट. निदान एवढे तरी व्हावे, की दुकानातल्या प्रत्येक टाकीवर माशाचे नाव, पूर्ण वाढीची लांबी आणि किती एकत्र ठेवावेत, हे मराठीत लिहिलेले असावे. वाणसामानाच्या पुड्यावर वजन आणि तारीख लिहायला लावणाऱ्या देशात हे अवघड नाही. आणि ‘क्लीनर’ हा शब्द त्या पाटीवर नसावा.

ज्यांच्या घरी आज एकटा कोरी आहे, त्यांनी आधी तो कोणत्या जातीचा आहे ते पाहावे, मग खडी काढून वाळू घालावी. फिल्टरचा स्पंज धुवायचा तर नळाखाली नव्हे, टाकीतून काढलेल्या पाण्यात, म्हणजे त्यातले जिवाणू टिकतात. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी त्याच जातीचे आणखी पाच आणावेत. घरी सकर असेल आणि तो टाकीत मावेनासा झाला असेल, तर तलावावर न जाता तो दुकानदाराला परत द्यावा. पैसे मिळणार नाहीत, पण बहुतेक दुकानदार घेतात.